सुपरमॅन कुणी लिहायचा?

जानेवारी १९३३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एका हौशी अंकाच्या थोड्या प्रती स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून निघाल्या. अंकाचे नाव ‘सायन्स फिक्शन’. संपादक, मुख्य लेखक आणि प्रती टपालात टाकणारा एकच : ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये शिकणारा अठरा वर्षांचा जेरी सिगेल. चित्रे त्याचा शाळासोबती जो शूस्टर याची. अंक तिसरा होता आणि त्यात ‘द रेन ऑफ द सुपरमॅन’, म्हणजे ‘सुपरमॅनचे राज्य’, या नावाची कथा होती. लेखक हर्बर्ट एस. फाइन. हे सिगेलचेच टोपणनाव.

या कथेतला सुपरमॅन परग्रहावरून येत नाही, उडत नाही आणि कुणाला वाचवतही नाही. मंदीचे दिवस आहेत. फुकट पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या बिल डन नावाच्या एका कंगाल माणसाला एक प्राध्यापक जेवणाचे आणि नव्या कपड्यांचे आमिष दाखवून घरी नेतो आणि उल्केपासून मिळवलेले एक रसायन त्याच्यावर आजमावतो. डनला दुसऱ्यांच्या मनातले कळू लागते, दूरचे दिसू लागते. तो प्राध्यापकालाच संपवतो आणि जग ताब्यात घेण्याचे मनसुबे रचतो. शेवटी रसायनाचा अंमल उतरतो आणि तो पुन्हा त्याच पावाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. सुपरमॅन हे नाव सिगेलने पहिल्यांदा दिले ते अशा एका खलनायकाला.

असल्या अंकांना पुढे ‘फॅनझीन’ हे नाव पडले. आपल्याकडची शाळेतली हस्तलिखिते आणि साठच्या दशकातली अनियतकालिके यांच्या मधोमध कुठेतरी बसणारा हा प्रकार. विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांचे वेडे वाचक एकमेकांना पत्रे लिहीत, त्यांतून असे अंक निघत. सिगेलच्या त्या कथेतल्या वार्ताहराचे नाव फॉरेस्ट अॅकरमन आहे, आणि याच नावाचा एक खराखुरा वाचक या पत्रमित्रांच्या मंडळात प्रसिद्ध होता. म्हणजे एका चाहत्याने दुसऱ्या चाहत्याला कथेत घालून त्याची गंमत केली होती. त्याच अंकमालेत सिगेलने फिलिप वायली याच्या ‘ग्लॅडिएटर’ (१९३०) या कादंबरीची दखल घेतली होती. अचाट ताकद घेऊन जन्मलेला माणूस हा त्या कादंबरीचा विषय. दिवसा बावळट आणि संकटाच्या वेळी शूर अशी दुहेरी ओळख ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ आणि ‘झोरो’ यांच्याकडून आली. क्लार्क केंट हे नाव क्लार्क गेबल आणि केंट टेलर या दोन नटांवरून जुळवले, असे सिगेलनेच सांगितले आहे.

हे सारे सांगतो आहे ते चोरी पकडण्यासाठी नव्हे. सुपरहिरोंच्या इतिहासावरच्या पुस्तकांत साधारण एक क्रम गृहीत धरलेला असतो : आधी मूळ कथा, तिचे निर्माते, तिचा प्रकाशक, मग बऱ्याच वर्षांनी चाहते येतात आणि ‘असे झाले असते तर?’ म्हणत त्या कथेशी खेळू लागतात. या खेळाला ‘फॅन फिक्शन’ म्हणायचे आणि जरा खालच्या पाटावर बसवायचे. सुपरमॅनची कागदपत्रे लावून पाहिली तर हा क्रम टिकत नाही. चाहत्यांचे लेखन आधीचे आहे. ‘मूळ’ हा शब्द नंतर, एका करारपत्राने आला.

त्या कराराआधी पाच वर्षे ही दोन मुले आपली कथा सारखी मोडून पुन्हा मांडत होती. १९३३ मध्येच सुपरमॅनला नायक करून त्यांनी एक चित्रकथा रचली. ती नाकारली गेल्यावर शूस्टरने पाने जाळून टाकली, फक्त मुखपृष्ठ उरले. १९३४ मध्ये सिगेलने रसेल कीटन या दुसऱ्याच चित्रकाराबरोबर एक मांडणी करून पाहिली. तिच्यात पृथ्वीवरचा शेवटचा माणूस आपले बाळ भविष्यातून मागे, वर्तमानात पाठवतो. म्हणजे क्रिप्टन नाही, परग्रह नाही, तो आपलाच वंशज. मला वाटते, ही कल्पना आज कुणी लिहिली तर समीक्षक तिला ‘धाडसी पुनर्कथन’ म्हणतील. सिगेलच्या बाबतीत ती नुसती एक टाकून दिलेली प्रत आहे.

अखेर वर्तमानपत्रांसाठी काढलेल्या पट्ट्या कापून, चिकटवून त्यांची तेरा पाने केली गेली आणि मार्च १९३८ मध्ये ती पाने, नायकाच्या सर्व हक्कांसह, प्रकाशकाला विकली गेली. पानाला दहा डॉलर, एकूण १३० डॉलर. चेकवर दोघांच्याही आडनावांची अक्षरे चुकलेली होती. २०१२ मध्ये तो चेक लिलावात एक लाख साठ हजार डॉलरना गेला.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक तुलना आपोआप येते. एकच कथा शंभरदा सांगण्यात काय मोठे? मोरोपंतांची अष्टोत्तरशत रामायणे प्रसिद्धच आहेत. त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे, ज्यात ओठ मिटावे लागतील असे अक्षरच येत नाही. कीर्तनकार एकच आख्यान गावागणिक वेगळे लावतो. ही तुलना मीही व्याख्यानांत ऐकली आहे आणि टाळ्या पडतानाही पाहिल्या आहेत. पण ती अर्धीच खरी आहे. रामकथेचा सातबारा कुणाच्या नावावर नव्हता. मोरोपंतांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही. सुपरमॅनच्या कथेला १९३८ पासून मालक आहे, आणि म्हणून ती पुन्हा लिहिणे हे प्रत्येक वेळी कुणाच्या तरी परवानगीने किंवा परवानगीविना केलेले काम असते. या नियमाचा पहिला फटका कुणाला बसला, ते पाहण्यासारखे आहे.

१९४० मध्ये सिगेलने एक सव्वीस पानांची कथा लिहिली. क्रिप्टन ग्रहाच्या स्फोटातून सुटलेला एक धातूचा गोळा पृथ्वीजवळून जातो आणि सुपरमॅनची शक्ती ओसरते. तो एका खाणीत काही माणसांबरोबर अडकतो, त्यांत लोइस लेनही असते. शक्ती परत येते तेव्हा सर्वांना वाचवायचे तर तिच्यादेखत वाचवावे लागणार. तो तसे करतो. मीच क्लार्क केंट, हे तिला कळते, आणि यापुढे ती त्याला कामात साथ देणार असे ठरते. शूस्टरच्या चित्रशाळेत पाने रेखाटायला सुरुवातही झाली होती. ही कथा कधीच छापली गेली नाही. संहितेची प्रत १९८८ मध्ये मार्क वेड या लेखक-संपादकाला कंपनीच्या दप्तरात सापडली.

या कथेवर मी बराच वेळ घालवला आहे, कारण सुपरमॅनच्या इतिहासातला हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा न छापलेला मजकूर आहे. अवघ्या दोन वर्षांत निर्मात्याला आपल्या नायकाचे सोंग नकोसे झाले होते. लोइस रोज फसते, वाचक हसतात, ही यंत्रणा त्याला मोडायची होती. पण तोवर ती यंत्रणा मासिकामागून मासिके खपवत होती आणि तिचा मालक दुसरा होता. लोइसला खरी ओळख सांगण्याची परवानगी सुपरमॅनला मुख्य कथामालेत मिळाली ती फेब्रुवारी १९९१ च्या अंकात. मधली पन्नास वर्षे जगभरचे वाचक मनातल्या मनात, वहीत, पत्रांत तोच प्रसंग लिहीत राहिले. तो सर्वांत आधी लिहून नाकारला गेलेला माणूस खुद्द सिगेल होता.

पुढची हकीकत थोडक्यात. सुपरमॅनच्या मुलगेपणाच्या गोष्टी लिहाव्यात असे सिगेलने सुचवले होते, ते नाकारले गेले. तो युद्धकाळात सैन्यात असताना ‘सुपरबॉय’ त्याच्याविना सुरू झाला. १९४७ मध्ये दोघे न्यायालयात गेले. १९४८ मध्ये सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली आणि दोघांची नावे सुपरमॅनच्या कथांवरून गेली. ‘फनीमॅन’ नावाचा नवा नायक काढून पाहिला, तो सहा अंकांत आटोपला.

शूस्टरचे त्यानंतरचे एक काम दिवाळी अंकात सांगावे की नाही, असा प्रश्न पडला होता. पण इतिहासात ते आहे. १९५४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘नाइट्स ऑफ हॉरर’ नावाच्या, चाबूक आणि साखळदंडांच्या, प्रौढांसाठीच्या चोरट्या पुस्तिका विकल्या जात. त्यांवर बंदी आली, खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ मध्ये बंदी कायम झाली. चित्रांवर नाव नव्हते. क्रेग यो या संशोधकाने २००९ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिले की ती चित्रे जो शूस्टरची आहेत. पाहणाऱ्याला ते सांगावेही लागत नाही. तोच रुंद हनुवटीचा पुरुष, तीच लोइस. ज्या माणसाला आपलेच चेहरे उजेडात काढण्याची मुभा नव्हती, त्याने ते अंधारात, पोटासाठी, निनावी काढले. नायक-नायिकेला मूळ कथेत निषिद्ध असलेल्या प्रसंगांत घालून पाहणे हा चाहत्यांच्या लेखनाचा पुढे एक मोठा प्रवाह झाला. त्याचा विचार करताना हा निनावी पूर्वज कुणी मोजत नाही.

१९५९ मध्ये सिगेल त्याच कंपनीत परतला, निर्माता म्हणून नव्हे, पानाच्या दराने लिहिणारा लेखक म्हणून. संपादक होता मॉर्ट वेसिंगर. गंमत अशी की वेसिंगर हाही मूळचा त्याच पत्रमित्रांच्या मंडळातला. १९३२ मध्ये ‘द टाइम ट्रॅव्हलर’ हा हौशी अंक काढणाऱ्यांत तो होता. दोन जुने चाहते. एकाकडे आता कात्री, दुसऱ्याकडे टंकयंत्र. याच काळात वेसिंगरने ‘इमॅजिनरी स्टोरी’ हा प्रकार रुळवला. १९६० पासून अशा कथांत सुपरमॅनचे लग्न होई, मुले होत, तो मरेही. पुढच्या महिन्यात सारे होते तसे. कथेच्या सुरुवातीलाच वाचकाला बजावलेले असे की ही काल्पनिक कथा आहे. (बाकीच्या जणू ऐतिहासिक!) मुले पत्रांतून जे ‘असे झाले असते तर?’ विचारत होती, ते कंपनीने आपल्याच छापखान्यात, आपल्याच मालकीत आणून छापले. आजकालच्या ‘समांतर विश्वां’चा सारा पसारा या युक्तीतून वाढला आहे.

सिगेलच्या हयातीतले त्याचे उत्तम लेखन मला याच चौकटीत आणि तिच्या आसपास दिसते. १९६० च्या ‘सुपरमॅन्स रिटर्न टु क्रिप्टन’मध्ये नायक काळात मागे जाऊन आपल्या जन्मग्रहावर पोचतो. तिथे त्याला शक्ती नाही. तो आपल्या आईबापांना भेटतो, त्यांचा मित्र होतो, आणि हा ग्रह फुटणार हे ठाऊक असून त्याला काही करता येत नाही. १९६१ ची ‘द डेथ ऑफ सुपरमॅन’ ही काल्पनिक कथा. लूथर सुधारल्याचे सोंग करतो, कर्करोगावर औषध शोधून सर्वांचा विश्वास मिळवतो आणि मग सुपरमॅनला ठार मारतो. मेलेला सुपरमॅन शेवटपर्यंत मेलेलाच राहतो. सिगेलचे वडील जुन्या कपड्यांचे दुकान चालवत. जून १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले असताना हृदय बंद पडून ते गेले. त्या घटनेतून सुपरमॅन जन्मला, असे अनेकांनी लिहिले आहे. सिगेलने स्वतः तसे म्हटलेले नाही, म्हणून मी त्या वाटेने जाणार नाही. एवढेच नोंदवतो की वडिलांना भेटायला गेलेल्या, पण वाचवू न शकलेल्या मुलाची कथा त्याने छत्तिसाव्या नव्हे, सेहेचाळिसाव्या वर्षी लिहिली, आणि तेव्हा त्या कथेवर त्याचे नाव नव्हते.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हक्कांवरून पुन्हा वाद झाला, काम सुटले आणि १९७४ मध्ये वरच्या न्यायालयातही दोघे हरले. १९७५ मध्ये सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची तयारी सुरू झाली तेव्हा सिगेल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता आणि शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सिगेलने वर्तमानपत्रांना एक लांबलचक संतप्त पत्रक पाठवले. नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी प्रकरण लावून धरले. डिसेंबरात कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि नावाची ओळ दिली. अॅडम्स हा सुपरमॅन वाचत वाढलेल्या पिढीचा. नाव परत मिळाले ते न्यायालयातून नव्हे, वाचकांच्या पिढीकडून, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ती पिढी तोवर कचेऱ्यांत शिरलीच होती. १९६१ मध्ये ‘ऑल्टर इगो’ हा हौशी अंक काढणाऱ्यांतला रॉय थॉमस १९७२ मध्ये मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. पिट्सबर्गच्या एका पोलाद कामगाराचा मुलगा जिम शूटर याने तेराव्या वर्षी, घरात पैसे यावेत म्हणून, सुपरहिरोंच्या एका पथकाची कथा स्वतः रेखाटून वेसिंगरला पाठवली. ती १९६६ मध्ये छापली गेली. मार्क मिलर याने २००३ च्या ‘रेड सन’मध्ये सुपरमॅनचे यान सोव्हिएत भूमीवर उतरवले. ही कल्पना आपल्याला सहाव्या वर्षी एक अंक वाचताना सुचली, असे तो सांगतो. शूटरची ती पाने पोस्टात हरवली असती तर ती फॅन फिक्शन ठरली असती. संपादकाने चेक पाठवला म्हणून ती कथामालेचा भाग झाली. मजकुरात अक्षराचाही फरक नाही.

१९८६ मध्ये कंपनीने जुना सुपरमॅन बंद करून नव्याने सुरुवात करायचे ठरवले. जुन्या सुपरमॅनचा शेवट कुणी लिहावा? संपादक ज्युलियस श्वार्ट्झ (‘द टाइम ट्रॅव्हलर’वाल्यांतलाच आणखी एक) याने आधी सिगेललाच विचारले होते, असे त्याने सांगितले आहे. कायद्याच्या अडचणींमुळे ते जमले नाही. मग ती कथा अॅलन मूर या इंग्रज लेखकाने लिहिली. लहानपणी हीच मासिके वाचलेला माणूस. ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टु द मॅन ऑफ टुमॉरो?’ ही ती कथा, आणि तिचीही सुरुवात ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशाच घोषणेने होते. कथा उत्तम आहे. तरीही ती वाचताना, हे पान दुसऱ्याचे होते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे परदेशी नायकाचे पुनर्लेखन आधी प्रकाशकांनीच केले. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने फँटमचा वेताळ केला आणि त्याच्या देशाला डेंकाली हे नाव दिले, बंगालशी घोटाळा नको म्हणून असावे. माझ्या वयाच्या अनेकांना वेताळ हा परका आहे हे बरेच उशिरा कळले. पण ते रीतसर हक्क घेऊन केलेले बारसे होते. सिगेलच्या सायक्लोस्टाइल अंकाशी ज्याचे खरे नाते लागते असे काम महाराष्ट्रात झाले ते नाशिक जिल्ह्यात, मालेगावात.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद आणि त्या दिवशी सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी गावातल्याच माणसांना घेऊन २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला, आणि काही वर्षांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला. हे काम कसे चालले होते ते फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात पाहायला मिळते. सुपरमॅन झाले होते यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख. अंगाने काडी. चड्डीचा नाडा बाहेर लोंबतो आहे. उडण्याच्या दृश्यासाठी हिरवा पडदा टांगून त्यापुढे त्यांना आडवे धरलेले आहे. बोली खानदेशी वळणाची. खलनायकाला हवी आहे घाण. आणि सुपरमॅनलाच धुरा-धुळीने दम लागतो. चित्रीकरण चालू असतानाच शफीक यांचे लग्न होते, म्हणून काम थांबते.

हे पाहून प्रेक्षक हसतात आणि हसण्यासाठीच ते केलेले आहे. पण मला त्यात १९३३ चा अंक दिसतो. सिगेलने मंदीतल्या पावाच्या रांगेतला माणूस उचलून त्याला अचाट शक्ती दिली, आणि त्याची भूक जशीच्या तशी ठेवली. मालेगावच्या मंडळींनी अमेरिकेतला बलदंड नायक उचलून त्याला मागाच्या धुळीत आणले आणि त्याला मालेगावची छाती दिली. एकाने गरिबाला सुपरमॅन केले, दुसऱ्यांनी सुपरमॅनला गरीब केले. २००६ मध्ये या गावात बॉम्बस्फोट झाले होते, २००८ मध्ये पुन्हा झाले. बाहेरच्या वर्तमानपत्रांत मालेगावची बातमी त्याच कारणाने येई. त्या दिवसांत तिथली माणसे हसण्याजोगा तारणहार रचत होती, ही मला नुसती करमणूक वाटत नाही. कथा लिहिणारे फरोग जाफरी मुंबईपर्यंत न पोचल्याची खंत माहितीपटात बोलून दाखवतात. लेखकाचे ते बोलणे क्लीव्हलँडचेही असू शकले असते. शफीक शेख २०११ मध्ये कर्करोगाने गेले. रीमा कागती यांनी या साऱ्यावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट केला, तो २०२५ मध्ये पडद्यावर आला. म्हणजे पुनर्लेखनाचेही आता रीतसर पुनर्लेखन झाले.

शूस्टर १९९२ मध्ये गेला, सिगेल जानेवारी १९९६ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस मुख्य कथामालेत क्लार्क आणि लोइस यांचे लग्न लागले. वारसांचे खटले पुढे बरीच वर्षे चालले आणि निकाल कंपनीच्या बाजूने गेला. आता कायद्याची एकच तारीख उरली आहे. अमेरिकेत तेव्हाच्या प्रकाशनावरचा हक्क ९५ वर्षे टिकतो, त्यामुळे १ जानेवारी २०३४ रोजी ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक सर्वांचा होईल. मात्र त्या दिवशी मोकळा होणार तो १९३८ चा सुपरमॅन. त्याला उडता येत नाही, तो फक्त लांब उड्या मारतो. क्रिप्टोनाइट त्याला ठाऊक नाही. लूथर अजून आलेला नाही. त्याच्या ग्रहाला नावसुद्धा नाही, आणि त्याला वाढवले आहे अनाथाश्रमाने. पहिल्या तेरा पानांत तो मृत्युदंडाच्या दारातून एका निरपराध स्त्रीला सोडवतो, बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला पकडतो, आणि एका लाचखाऊ राजकारण्याच्या दलालाला तारांवर नेऊन घाबरवतो.